दोनशे युनिटांचा संसार

४ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी. मोठ्या घडामोडी होऊ घातल्या की त्यांत जवळून वावरणाऱ्या माणसाने चार ओळी लिहून ठेवाव्यात, असं माझं मत आहे. वाचणार कोणी नाही. तेच बरं, खरं लिहिता येतं.

घडामोड अशी : आमच्या उमेदवारांनी जाहीर केलंय की निवडून आलो तर घरगुती विजेचा दर पाच वर्षं गोठवणार. बाहेर विजेचा बाजार कितीही भडको, आपल्या घरात दर जागचा हलणार नाही. आमच्या भागातल्या प्रचाराची धुरा माझ्यावर आहे. म्हणजे पत्रकं वाटायची. पण धुरा ती धुरा.

घोषणाही मीच सुचवली : दर झोपवणार! मी गाद्यांच्या शोरूममध्ये सीनियर सेल्समन आहे, झोप या विषयात मला कोणी शिकवू नये. प्रचार कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, लिहून घेते. आणि फोनवर बोलत राहिल्या.

जेवताना बायकोने विचारलं की वीज महाग घेऊन स्वस्त विकायची, तर मधला फरक कोण भरणार. मी म्हटलं, सरकार. तिने विचारलं, सरकार कुठून आणणार. मी म्हटलं, सूप गार होतंय.

संकल्प : एक, रिकाम्या खोलीतला दिवा बंद करणे. दोन, बायकोला अर्थशास्त्र सोपं करून सांगणे.

१० सप्टेंबर

चौकात सभा. गर्दी बरी. शेजारच्या डेंटिस्टने उठून विचारलं की घरांचा दर गोठवला तर कंपनी आपली तूट दुकानं-दवाखान्यांकडून वसूल करणार का. स्वतःचा दवाखाना आहे ना, म्हणून पोटात दुखतंय. उमेदवार म्हणाले, प्रश्न फार चांगला आहे. टाळ्या. डेंटिस्ट उत्तराची वाट बघत उभाच. काही माणसांना सभा संपली हे कळत नाही.

घरी येताना मी त्याला आमच्या धंद्यातली गोष्ट समजावली. गिऱ्हाइकाला गादीवर आडवं करायचं, उशी द्यायची आणि गप्प बसायचं. डोळे मिटले की सौदा झाला. उमेदवारांनी जनतेला नेमकं तेच केलंय. डेंटिस्ट म्हणाला, हेच तर मी सांगत होतो. त्याला मुद्दा कळला नाही.

२९ सप्टेंबर

जिंकलो! मिरवणुकीत साहेबांनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, आपण कोण. गर्दीत जवळच्या माणसाची ओळख न दाखवण्याची ही राजकारणातली पद्धत आहे. मीही नाव सांगितलं नाही.

१ नोव्हेंबर

आदेश लागू. बारीक अक्षरात थोडं आहे, पण ते असायचंच. एका घराला महिन्याला दोनशे युनिटपर्यंत गोठवलेला दर. दोनशेच्या वर एक युनिट जरी गेलं तरी सगळीच्या सगळी वीज खुल्या, म्हणजे बाजारातल्या, दराने. उधळपट्टी करणाऱ्यांना चाप, दुसरं काय. आमच्यासारख्यांनी घाबरायचं कारण नाही.

हवेत गारवा आहे. दोन्ही खोल्यांत हीटर लावले. आईने (वय एक्क्याऐंशी, अजून सगळं ऐकू येतं, विशेषतः तिला उद्देशून नसलेलं) विचारलं की दुसऱ्या खोलीत कोणी नाही, मग हीटर कशाला. मी म्हटलं, स्वस्त केलेली वीज वापरली नाही तर सरकारला वाटेल आपल्याला गरजच नव्हती.

पहिला संकल्प तूर्त मागे घेतला.

३ डिसेंबर

बिल आलं. दोनशेच्या वर. पुष्कळच वर. सगळी वीज खुल्या दराने.

शांत डोक्याने विचार केला. दोषी लगेच सापडला : ओव्हन. बायको ऑर्डरप्रमाणे केक करते, दोन ऑफिसं आणि एक कॅन्टीन ठरलेलं आहे. रोज सकाळी ओव्हन पेटलेला. मी ही गोष्ट तिच्या नजरेस आणून दिली. तिने माझ्या नजरेस गिझर आणून दिला. मी आंघोळीला शिरलो की बाहेर वर्तमानपत्र वाचून होतं, असं तिचं म्हणणं. शिवाय हीटर. शिवाय पाय शेकायचं माझं मशीन.

हे बायकी तर्कशास्त्र. ओव्हनवर लाल दिवा लागतो, आत ज्वाळेसारखं दिसतं, घरभर वास सुटतो. गिझर बिचारा कोपऱ्यात गप्प असतो. जो एवढा गप्प असतो तो खाऊन खाऊन किती खाणार?

ओव्हन बंद कर म्हटलं नाही. मी तसा नवरा नाही. फक्त ओव्हनकडे बघून उसासा टाकला. आई म्हणाली, उसासा टाकायचा तर बाहेर जाऊन टाक, केक बसेल.

७ डिसेंबर

सुचलं! असं काही सुचलं की माझं मलाच कौतुक वाटलं.

आदेशात 'घर' म्हणजे काय? वेगळा दरवाजा, वेगळा स्वयंपाक, वेगळं मीटर, वेगळा कुटुंबप्रमुख. आमच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे. बाहेरून जिना आहे. आत अडगळ, एक मोरी आणि एक खिडकी. तिथे बायकोच्या नावाने दुसरं घर दाखवायचं. ओव्हन वर. म्हणजे दोनशे युनिट तिचे, दोनशे माझे. चारशे! एका छपराखाली!

बायकोला आरामखुर्चीत बसवलं, पाठीशी उशी दिली आणि योजना मांडली. मग नियमाप्रमाणे गप्प बसलो. तिने विचारलं, म्हणजे मी वर राहायचं? मी म्हटलं, अगं कागदावर. तिने विचारलं, एकटीने? मी म्हटलं, कागदावर एकटीने. तिने मान वर करून छताकडे पाहिलं. आणि तिने डोळे मिटले.

सौदा झाला.

१५ डिसेंबर

तपासनीस येऊन गेला. वर दोन गाद्या (शोरूमच्या सवलतीतल्या), शेगडी, कपबशा, नवं मीटर, सगळं मांडून ठेवलं होतं. त्याने चहाच्या कपाला हात लावून पाहिला, टॉवेल ओला आहे का पाहिलं, आणि दाराबाहेर बायकोची चप्पल नाही हे बरोबर हेरलं. चप्पल खाली होती. म्हणाला, असली कागदी घरं या रस्त्यावर बरीच निघालीत, मी केव्हाही परत येईन. बाई खाली राहताना दिसल्या तर दोन्ही मीटरं खुल्या दरावर.

आता नाटक करायचं तर नीट करायला हवं. बायको आजपासून खरोखरच वर राहणार. काही महिन्यांचा प्रश्न आहे. ओव्हन मी आणि डेंटिस्टने जिन्यावरून चढवला. माझी पाठ धरली. डेंटिस्ट म्हणाला की नवरा-बायकोने विजेसाठी वेगळं होणं हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मी म्हटलं, दूरदृष्टी लागते.

बायकोने वरची खिडकी घासूनपुसून लख्ख केली आणि तिला निळा पडदा लावला. गुणगुणत होती. तिच्यात अभिनयाचं अंग आहे हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

१६ डिसेंबर

अंडं उकडलं. किती वेळ उकडायचं असतं हे विचारायला वर गेलो. तिने दार उघडण्याआधी विचारलं, कोण.

२२ डिसेंबर

नवीन सवलत! ज्या घरात सत्तरीपुढचं माणूस आहे त्या घराला पन्नास युनिट जादा. सरकारला माणुसकी नाही असं म्हणणाऱ्यांच्या तोंडाला कुलूप.

रस्त्यावर तर म्हाताऱ्या माणसांचा भाव एकदम वधारला. कोपऱ्यावरचे दोघे भाऊ आईला कोणी सांभाळायचं यावरून वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आज दोघे तिच्या दोन दंडांना धरून रस्त्यात उभे होते, दोघांनाही ती हवी. म्हातारी भांबावून गेली होती. डेंटिस्टने दुसऱ्या गावाहून सासऱ्यांना आणलं आणि त्यांना पुढच्या खोलीत, रस्त्यावरून दिसतील असं बसवलं. टीका करणारेच सवलती आधी उचलतात.

आमच्याकडे प्रश्नच नाही. आई माझी, घर माझं. संध्याकाळी फॉर्म भरायला बसलो आणि सहज विचारलं, आई, तुला खालीच दाखवतो ना? आई म्हणाली, मला वर दाखव. मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही. परत विचारलं. म्हणाली, वर ओव्हनमुळे ऊब असते, सकाळी केकच्या कडा खायला मिळतात, आणि तिथे कोणी कुणाला समजावून सांगत नाही.

तिची उशी मीच वर नेऊन दिली. जिना चढताना बायकोने तिचा हात धरला होता. दोघी कशावर तरी हसत होत्या.

सासू-सुनेचं पटतं, ही आनंदाची गोष्ट आहे. मी आनंदात आहे.

२७ डिसेंबर

खालच्या घरालाही ज्येष्ठ माणूस हवंच. पन्नास युनिट असे सोडता येत नाहीत. दूरच्या मामांना पत्ता देऊन बोलावून घेतलं. मामा बॅग घेऊन आले. बॅगेत विजेवर तापणारं ब्लँकेट, पाण्यात सोडायची कॉइल आणि दाढीचं मशीन. टीव्ही सकाळी लावतात. थंडी बाधते म्हणून हीटर तिसऱ्या आकड्यावर.

पन्नास युनिटांत मामा बसतील असा अंदाज आहे. मोठ्या मनाने बसवायचं.

४ जानेवारी

शोरूममध्ये वातावरण बरं नाही. कंपनीने दुकानांचा दर वाढवला. म्हणे घरांना गोठवलेल्या दराने वीज देऊन झालेली तूट कुठून तरी भरायला हवी. डेंटिस्टने दाताचा दर वाढवला, बेकरीने पावाचा, इस्त्रीवाल्याने इस्त्रीचा. बायकोनेही केकचा वाढवला, कारण मैदा महागला. आणि सगळे मिळून माझ्याकडे बघतात!

मालकांनी हीटिंग बंद केलं, अर्धे दिवे काढले. आता गिऱ्हाइकं ओव्हरकोट घालून गादीवर आडवी होतात, बूटही काढत नाहीत. अंधारात वाटतं की अपघातातली माणसं आणून निजवलीत. अशाने कोणाचे डोळे मिटणार? दिवसभरात एक उशी गेली. तीही बदलायला परत आली.

मालकांनी सगळ्यांना उभं करून विचारलं की या दर गोठवणाऱ्यांना मत कोणी दिलं होतं. सगळ्यांनी मान खाली घातली. मीही घातली, पण ती विनयाने.

९ जानेवारी

मालक शोरूम बंद करायला निघाले. सगळे गळाठले. मी मात्र पुढे झालो आणि माझी योजना मांडली : शोरूम माझ्या घरी हलवू. घरगुती मीटर, गोठवलेला दर, हीटर पुरेपूर. बायको वर, आई वर, म्हणजे खाली जागाच जागा. मालकांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, हे कायद्यात बसतं का. मी म्हटलं, माणसं घरात गादीवरच झोपतात, यात कायद्याला काय दिसणार.

मालकांनी पाठ थोपटली. नेमकी धरलेल्या जागी.

बायकोला विचारायचं राहिलं. पण तसं बघायला गेलं तर ते आता तिचं घर नाही.

१२ जानेवारी

गाद्या आल्या. बैठकीत सहा, आतल्या खोलीत चार, स्वयंपाकघरात एक उभी. आता गॅसपर्यंत जायला तिच्यावरून वाकून जावं लागतं. छतावर पाच नवे दिवे. दिव्यांशिवाय गादी उठून दिसत नाही.

बायको जिन्यातून उतरताना दारात थबकली. आत पाहिलं. तिच्या हातात केकचा खोका होता, ऑर्डरचा. मी विचारलं, कसं वाटतं. म्हणाली, मला उशीर होतोय.

कौतुक करायचा तिचा स्वभाव नाही.

१९ जानेवारी

धंदा जोरात. म्हणजे माणसं येतात. बाहेर थंडी, आत ऊब, शिवाय मऊ गादी. एक जोडपं दुपारी आलं आणि घोरायला लागलं. डोळे मिटले होते, पण सौदा काही झाला नाही. उठून म्हणाले, उद्या आईवडिलांना घेऊन येतो. दुसऱ्या एका बाईंनी विचारलं की जेवणाची काय सोय.

मामा पहिल्या गादीवर मुक्काम ठोकून आहेत. मी त्यांना गिऱ्हाइकांपुढे गादीचा नमुना म्हणून दाखवतो. एकाने विचारलं, यांच्यासकट किती.

आज एकाचंही बिल फाडलं गेलं नाही. पण नाव पसरतंय.

२ फेब्रुवारी

दोन बिलं एकदम आली. एक वरचं, एक खालचं.

वरच्या मीटरवर ओव्हन, आई, शेगडी, दिवा, सगळं धरून अर्धी मर्यादासुद्धा गाठलेली नाही. खालच्या मीटरने मर्यादा कधीच मागे टाकली. आणि हे ओव्हन नसताना!

उघड आहे. तारा उलट्या जोडल्यात. लगेच वायरमनला बोलावलं. त्याने वरचा मेन स्विच पाडला, वर अंधार. खालचा पाडला, खाली अंधार. मामांनी शिव्या दिल्या. वायरमन म्हणाला, तारा बरोबर आहेत, साहेब, तुमचा गिझर पाहा. मी त्याला सांगितलं की गिझरबद्दल घरातलं मत मला माहीत आहे, मला तांत्रिक मत हवंय. तो म्हणाला, हेच तांत्रिक आहे.

वरचं मीटर नवीन आहे. नवीन मीटर सुरुवातीला बुजतं, असं मला वाटतं.

बायकोला बिल द्यायला वर गेलो. तिने आकडा पाहिला. जिंकल्यासारखं काहीतरी बोलेल म्हणून मी तयारीत होतो. ती काहीच बोलली नाही. बिल घडी करून फडताळात ठेवलं आणि आईला औषध दिलं. बोलली असती तर बरं झालं असतं. मला उत्तर देता आलं असतं.

८ फेब्रुवारी

वीज जायला लागली. कंपनी म्हणते, गोठवलेल्या दराने घरांना द्यायला वीज विकत घेणं तिला जमत नाही, म्हणून घरगुती भागात सकाळी आणि संध्याकाळी पुरवठा बंद. दर मात्र गोठलेलाच आहे! वचन अक्षरशः पाळलं. नसलेल्या विजेचा दर एका पैशाने वाढलेला नाही. डेंटिस्टला हे ऐकवलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड मिटून घेतलं.

अंधारात मामा म्हणाले, ब्लँकेट गार पडलं. गिऱ्हाइकं उठून गेली.

वर मेणबत्ती लावलेली असते. बायको आता वीज असते त्या वेळात भाजून घेते. चहा मिळतो का पाहावा म्हणून गेलो. दारावर टकटक करावी लागते, तपासनिसासाठी तसं ठरलंय. तिने चहा दिला. नवीन स्टूल होतं, माझ्या माहितीतलं नाही. भिंतीला फिकट पिवळा रंग. कधी दिला? म्हणाली, मागच्या आठवड्यात, आईंनी खालची पट्टी रंगवली. आई म्हणाली, पट्टी वाकडी झाली पण कोणी बोललं नाही.

मी बोलणार होतो. पट्टी वाकडीच होती.

खाली आल्यावरही त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. शब्द कळत नाहीत. हसणं कळतं. आमच्या घरात बायको एवढं हसत होती का, हे आठवून पाहिलं. आठवण्याजोगं काही सापडलं नाही. माझी स्मरणशक्ती अलीकडे कमी झालीय.

१७ फेब्रुवारी

तपासनीस आला. तोंडाला मफलर गुंडाळलेला, मी त्याला ओळखलं नाही, गिऱ्हाईक समजून गादीवर आडवं केलं, उशी दिली आणि गप्प बसलो. त्याने डोळे मिटले. मी दर सांगितला, रंगांची निवड सांगितली, घरपोच पाठवू म्हणालो. त्याने डोळे उघडले आणि ओळखपत्र काढलं.

घरगुती मीटरवर दुकान. दंड, मीटर कायमचं खुल्या दरावर. मालकांना फोन लावला. ते म्हणाले, असल्या कोणत्याही माणसाला ते ओळखत नाहीत, आणि नोकरीवरून काढलेल्या माणसाच्या घरी त्यांच्या गाद्या कशा, याचाही ते शोध घेत आहेत. नोकरीवरून काढलंय, हे मला तेव्हा कळलं.

मग तपासनीस वर गेला. मी जिन्याच्या तळाशी उभा. खाली येऊन म्हणाला, वरचं घर एकदम नियमात, अगदी खरंखुरं वेगळं घर आहे, असं मी या रस्त्यावर दुसरं पाहिलं नाही. जाताना त्याच्या हातात केकचा तुकडा होता.

मामा संध्याकाळच्या गाडीने गेले. कॉइल विसरले.

२५ फेब्रुवारी

साहेब टीव्हीवर. म्हणाले, योजना अपेक्षेपेक्षा जास्त यशस्वी ठरल्यामुळे तूर्त स्थगित. उद्यापासून सगळ्यांना खुला दर. मागे पडद्यावर मोठ्या अक्षरांत घोषणा होती : दर जागवणार, विकास साधणार. झोपेची कल्पना मूळ कुणाची, हे आता कोणाला आठवणार?

पण मी खट्टू नाही. उलट. आता वेगळं राहायचं कारणच उरलं नाही. बायको खाली येईल, आई येईल, ओव्हन येईल. ओव्हन आला तरी मी काही म्हणणार नाही. गिझरचं बटणही अर्ध्या तासात बंद करीन. लिहून ठेवतो.

२७ फेब्रुवारी

सकाळी रस्त्यावर वेगळंच दृश्य. दारोदार म्हातारी माणसं बॅगा घेऊन बसलेली. पन्नास युनिट गेले, माणसं परत. डेंटिस्टचे सासरे पायरीवर गाडीची वाट बघत होते, कोट घालून, बॅग मांडीवर घेऊन. कोपऱ्यावरची म्हातारी दोन घरांच्या मधे उभी, दोन्ही दारं बंद. तिला आमच्या आईने वरून हाक मारली आणि वर घेतलं. मला हे बघवलं नाही. खरंच बघवलं नाही. ही योजना मी घरोघर वाटली होती.

घरी आवरायला घेतलं. गाद्या मालकांचा टेम्पो घेऊन गेला. बायकोचं कपाट पुसलं. तिच्या बाजूची उशी झटकली. स्वयंपाकघरात ओव्हनची जागा मोकळी केली, तिथे मी पाय शेकायचं मशीन ठेवलं होतं.

१ मार्च

अजून आली नाही. आवराआवर करत असेल. वरचं सामानही आता वाढलंय.

३ मार्च

अंडं उकडलं. आता बरोबर जमतं. तिला दाखवायला हवं.

५ मार्च

आज वर गेलो. शर्ट बदलला. टकटक केली.

दोघी म्हाताऱ्या खिडकीपाशी बसल्या होत्या. बायको खोक्यांवर पत्ते लिहीत होती. मी म्हटलं, योजना संपली. ती म्हणाली, टीव्हीवर पाहिलं. मी म्हटलं, आता दोन मीटरं ठेवणं म्हणजे दुप्पट स्थिर आकार, दुप्पट खर्च, आणि तोही खुल्या दराने, यात काही शहाणपण नाही. वर जाताना जिन्यात मी वेगळं बोलायचं ठरवलं होतं. म्हणजे घर सुनं वाटतं, वगैरे. तोंडातून स्थिर आकार आला.

तिने लिहिणं थांबवलं. म्हणाली, मी कंपनीत जाऊन मीटर कायम करून घेतलंय. स्वतःच्या नावावर. खुल्या दराने.

मला वाटलं, तिला दर माहीत नसावा. मी सांगितला. तिला माहीत होता, माझ्यापेक्षा बरोबर माहीत होता. मी विचारलं, सवलत नाही, मर्यादा नाही, एवढ्या भावाने वेगळं राहायचं कशासाठी? ती रागावली असती तर मी समजावलं असतं. ती रागावली नाही. शांतपणे म्हणाली, मला परवडतं.

आई खिडकीबाहेर बघत होती. मी खाली आलो.

मला फार वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही.